कापलेला खोकला

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. लांबट, बुटकी, एकच दार असलेली. तिला खिडकी नाही, कारण ती बांधली तेव्हा तिच्यात माणसं बसायची नव्हती. मच्छीमार संस्थेची जाळी ठेवायला ती बांधली होती. पुढे जाळी गेली, पुस्तकांची कपाटं आली, कोपऱ्यात एक जुना संगणक आला, पण भिंतींत मुरलेला ओल्या सुतळीचा आणि माशांचा वास काही गेला नाही. आता त्या संगणकासमोरच्या खुर्चीत एक मुलगी बसवा. सहावीतली. पाय जमिनीला जेमतेम टेकताहेत. तिच्या पाठीला भिंत आहे. बाकी सगळीकडे मोठी माणसं आहेत, आणि जी आत मावली नाहीत ती दारात उभी आहेत, म्हणून दारातून उजेडही येत नाही. सगळे तिच्याकडे पाहताहेत. आणि संगणकातून तिच्या आजोबांचा आवाज येतो आहे. ते आजोबा आता नाहीत.

बसलात तिच्या जागी? मी तिच्या शेजारीच उभी होते, म्हणून तिथे किती गुदमरायला होत होतं ते मला ठाऊक आहे.

मुलीचं नाव करिश्मा वलथरे. भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव, गावाला लागून मोठा तलाव, आणि तलावावर जगणारी ढिवरांची घरं. मी त्या गावच्या शाळेत शिकवत होते, निवृत्त झाल्यावर वाचनालय सांभाळत होते. तिथेच मुलांनी आणि मी मिळून ‘आवाजघर’ काढलं होतं. म्हणजे काय, तर मुलं एक लहानसं यंत्र घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जायची, त्यांना बोलतं करायची आणि तो आवाज संगणकात आणून ठेवायची. माशांची नावं, जाळ्यांचे प्रकार, पाळणे, भांडणं, काहीही.

नुसता आवाज आणून टाकला की काम संपलं, असं मात्र आमच्याकडे नव्हतं. रस्त्यात एखादा डबा सापडला, झाकण उघडलं, आत छान भाजी आहे, तर तुम्ही ती खाल का? कोणी केली, कधी केली, मध्ये कोणी हात घातला, काही माहीत नाही. नाहीच खाणार. आवाजाचंही तसंच. म्हणून यंत्र सुरू केल्याबरोबर मुलाने आधी ‘पाटी’ म्हणायची: जागा कोणती, वार कोणता, बोलणार कोण, यंत्र धरलंय कोणी, जवळ कोण कोण बसलंय. मग शनिवारी वाचनालयात येऊन ती पाटी ऐकत ऐकत संगणकातली चिठ्ठी भरायची. चिठ्ठीत रिकाम्या चौकटी होत्या, मुलं त्यांना डबे म्हणत. शेवटचा डबा होता ‘काय बदललं’. तो कायम रिकामा असे. एका पोराने एकदा त्यात ‘शर्ट बदलला’ असं लिहिलं होतं, तेवढंच.

करिश्माचे आजोबा पत्रूजी हे संस्थेचे सर्वांत जुने सभासद. मुलगा आधीच गेलेला. घरात ते, सून रेखा आणि नात. रेखा तलावाच्या उथळ पाण्यात हातजाळीने मासे धरी आणि बाजारात विकी, पण खोल पाण्यात जाळं टाकायची पाळी असे ती सभासदाची. सभासद थकला की आपल्या मागे कोण, ते तो स्वतः ठरवी. त्याची रीत होती. तलावाच्या बांधावर चार माणसांसमोर तो आपलं जाळं त्या माणसाच्या खांद्यावर ठेवी आणि नाव उच्चारी. कागद नाही, सही नाही. आजारी माणूस बांधापर्यंत पोचू शकला नाही, तर घरी दिलेला शब्दही चाले. मात्र तो शब्द ऐकणारं माणूस पाहिजे.

पत्रूजी बांधापर्यंत पोचले नाहीत. छातीच्या दुखण्याने त्यांना खाटेवरच धरून ठेवलं, आणि एका पहाटे ते गेले. मग त्यांच्या पुतण्याने, ताराचंदने, पाळी आपली म्हणून सांगितलं. घरातला पुरुष तोच उरला होता. आणि रेखाने सांगितलं की सासऱ्याने शब्द मला दिला आहे, माझ्या मुलीच्या यंत्रात तो आहे.

म्हणून त्या दुपारी सभा आमच्या खोलीत भरली होती. टेबलावर संगणकाशेजारी पत्रूजींचं जाळं घडी करून ठेवलं होतं. रेखा भिंतीला टेकून खाली बसली होती. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. ही पाळी गेली तर उथळ पाण्यातल्या बारीक चिंगळ्यांवर दोन पोटं चालवायची होती. दाराशी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, पदर पुढे ओढून ताराचंदची आई गंगूबाई बसल्या होत्या. त्या पत्रूजींच्या धाकट्या भावाच्या विधवा. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात, आणि भासऱ्यासमोर बाई येत नाही. त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या अंगाला हात लावत नाही. गंगूबाईंनी आयुष्यभर हे पाळलं होतं. पत्रूजींना उचललं तेव्हासुद्धा त्या लांब चिंचेखाली, पाठ करून उभ्या होत्या.

संस्थेचे अध्यक्ष झनकलालजी हे मोठे सबुरीचे गृहस्थ. बाईच्या नावाने पाळी कधी झाली का, असं ताराचंदने आधीच विचारून घेतलं होतं. त्यावर ते म्हणाले होते की झाली नाही, पण होऊ नये असंही कोणी म्हटलेलं नाही. शब्द ऐकणारं माणूस नसेल तर यंत्र चालेल, माणसापेक्षा यंत्र बरं, ते कोणाच्या सोयऱ्यातलं नाही.

मग करिश्माने बटण दाबलं होतं, आणि पत्रूजी बोलू लागले होते.

ते बांबूच्या सापळ्याबद्दल सांगत होते. “मासा आत जाते तवा त्याले कोणी ढकलत नाही, बाप्पा. पाण्याच्या संगं जाते. आत गेला का मंग घाबरते. ज्या तोंडानं आत आला तेच तोंड बाहेर जायाचं असते. पण तो तिकडे पाहतच नाही. साऱ्या भिंतीले धडका देते.”

खोलीतल्या माणसांनी माना हलवल्या. सगळ्यांना तो आवाज ओळखीचा होता, कोणी डोळे पुसले. मग आणखी थोडं मासे, थोडा सापळा, आणि शेवटी तोच आवाज जरा हळू झाला. “माह्यं जाळं रेखाच्या खांद्यावर. ताराचंदले म्हणावं, राग नोको धरू. तुह्ये हात मजबूत आहेत, तू कोठंही पोट भरशील.”

रेखाने तोंडाला पदर लावला. झनकलालजींनी जाळ्याकडे हात नेला. तेवढ्यात ताराचंद टेबलाला वळसा घालून करिश्माच्या बाजूला आला आणि पडद्यावर वाकला.

“ही तारीख कायची होय?” त्याने विचारलं.

त्याने तारीख मोठ्याने वाचली, एकदा स्वतःसाठी आणि एकदा सगळ्यांसाठी. मग सावकाश म्हणाला, “या दिवशी तं आपण मोठेबाबाच्या तेरवीचं जेवत होतो.”

मागून कोणीतरी म्हणालं, वडे खायले उठला असंल. दोघं-चौघं हसले, आणि हसल्यावर आपण कुठे बसलोय हे आठवून गप्प झाले.

ताराचंद हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता, मुलांनो, हे लक्षात ठेवा. त्याला खरंच फसवल्यासारखं वाटलं. तो म्हणाला की आजकाल यंत्रात काहीही जोडता येतं, याचं तोंड त्याला आणि त्याचं बोलणं याला, आपण मोबाइलवर रोज पाहतो. मेलेला माणूस तेराव्या दिवशी शब्द देतो काय?

झनकलालजी माझ्याकडे वळले. “बाई, ही तारीख खरी आहे का?”

“खरी आहे,” मी म्हणाले. “पण ही बोलण्याची तारीख नाही. ही फाईल शेवटची ज्या दिवशी जतन केली, त्याची आहे.” मी त्यांना शाळेच्या दाखल्याचं उदाहरण दिलं. दाखल्यावर ज्या दिवशी तो लिहिला ती तारीख असते. मुलगा काही त्या दिवशी जन्मलेला नसतो.

“दाखल्यावर जन्मतारीखही असते ना, बाई,” ताराचंद म्हणाला. “ती दाखवा.”

मी चिठ्ठी उघडली. बोलणाऱ्याचं नाव होतं. विषय होता, ‘सापळा आणि मासे’. खालचे सगळे डबे रिकामे होते. जागा नाही, वार नाही, जवळ कोण ते नाही. आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की मघाशी आवाज सुरू झाला तो एकदम पत्रूजींच्या बोलण्यापासून. पाटी नव्हती. आवाजघरात सर्वांत आधी पाटी तोंडपाठ झालेली मुलगी होती ही. इतरांची चुकली तर ती डोळे वटारायची.

झनकलालजी म्हणाले, चहा घेऊ. माणसं बाहेर चिंचेखाली गेली. दारातून जरा वारा आला. गंगूबाई उठल्या नाहीत. त्या उंबऱ्याशीच, आमच्याकडे पाठ करून बसून राहिल्या. आत मी, रेखा आणि करिश्मा.

करिश्मा पडद्यावर बोट ठेवून अगदी बारीक आवाजात म्हणाली, “बाई, घड्याळ मागं घेता येते.”

येत होतं. संगणकाची बॅटरी उतरली की त्याचं घड्याळ भलतंच काही दाखवी, ते कसं नीट करायचं हे मीच मुलांना शिकवलं होतं. तारीख पत्रूजी जिवंत होते तेव्हाची करायची, फाईल पुन्हा जतन करायची, मग घड्याळ परत आजवर आणायचं. चहा संपायच्या आत होण्यासारखं काम. झनकलालजींना म्हणता आलं असतं की चुकीच्या फाईलवर बोट पडलं होतं, ही पाहा खरी.

रेखा उठून उभी राहिली. “येते तं कर ना,” ती मुलीला म्हणाली. “खोटं थोडंच आहे? शब्द तं त्याईनं देल्ला ना?”

“देल्ला,” करिश्मा म्हणाली.

“मंग?”

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणाले, “करता येतं. खुर्चीवर तू आहेस. पण नंतर मला कोणी विचारलं, तर मी पाहिलं नाही असं म्हणणार नाही.”

रेखाचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही. ती माझी विद्यार्थिनी होती, करिश्माच्याही आधी. ती एवढंच म्हणाली, “बाई, तुमचं काय जाते?” माझं काही जात नव्हतं हे खरंच होतं.

करिश्माने हात माऊसवर ठेवला. हलवला नाही. मी तिच्याजवळ वाकले आणि विचारलं, “पाटी कुठे गेली गं?”

तेव्हा ती रडायला लागली. रडता रडता जे सांगितलं ते असं. आजाला खोकला फार होता. माणसांसमोर खोकला आला की त्याला लाज वाटे, तोंडावर पंचा धरून तो भिंतीकडे वळे. ती पाटी म्हणत होती तेव्हा तो सारखा खोकत होता, आणि बोलतानाही मध्ये मध्ये. तेरवीला सगळी माणसं येणार, त्यांना आजाचा आवाज ऐकवायचा असं तिच्या मनात होतं. मग सकाळी ती इथे आली आणि बसून एकेक खोकला कापून काढला, सगळे खोकले, आणि पाटीही, कारण पाटीत तर खोकलाच खोकला होता. आजाचा आवाज कसा स्वच्छ झाला. ते तिने जुन्यावरच जतन केलं. यंत्रातलं मूळ बोलणं पुढच्या मुलाला यंत्र देताना पुसलं गेलं होतं.

“मी त्याले चांगलं करून ठेवत होती,” ती म्हणाली.

रेखाने तिला पोटाशी धरलं. म्हणाली, “हे सांगितलं तं सारं बुडते, बाई. एक कापलं म्हणल्यावर दुसरं जोडलं नसंल कायवरून? हेच म्हणतील.”

ती बरोबर म्हणत होती. तेच म्हणणार होते. तारीख तशीच ठेवावी तर शब्द खोटा, तारीख बदलावी तर आपण खोटे, आणि खरं सांगावं तरी शब्द खोटाच. मी त्या वेळी तीनही बाजूंनी विचार केला आणि मला कुठेही वाट दिसली नाही.

“पाटीत काय काय म्हटलं होतंस, आठवतं?” मी विचारलं.

“आठवते.”

“जवळ कोण होतं?”

करिश्माने आईकडे पाहिलं. मग उंबऱ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. “आई बाजारात गेल्ती,” ती म्हणाली, आणि त्यापुढे एक शब्द बोलेना. मला कळलं की खोकल्यामागे आणखी काही आहे. पण बाहेर कपबशा वाजल्या आणि माणसं परत आली, दार पुन्हा बंद झाल्यासारखं भरलं.

झनकलालजी बसले. म्हणाले, आता फार ताणायचं नाही. पोरीला काही सांगायचं असेल तर सांगू द्या, नाहीतर रीतीप्रमाणे ऐकणारं माणूस नाही असं धरू आणि पाळी ताराचंदची.

करिश्मा खुर्चीतून उठली. उठल्यावर ती आणखीच लहान दिसली. हात पाठीमागे नेऊन तिने भिंतीला टेकवले आणि जाळ्याकडे पाहत बोलली. आजाचा खोकला कापला म्हणाली. पाटी कापली म्हणाली. तेरवीच्या दिवशी सकाळी, याच खुर्चीवर. शब्द कापला नाही आणि जोडलाही नाही, पण ते दाखवायला आता काही उरलेलं नाही. शेवटी म्हणाली, “तारीख बरोबर आहे. मीच केली ती.”

ताराचंदने हात पसरले. रेखा म्हणाली होती अगदी तेच तो म्हणाला: जिने एक कापलं तिने दुसरं जोडलं नाही कशावरून? आणि जमलेल्या माणसांत जी कुजबुज झाली ती त्याच्या बाजूची होती.

“त्या पाटीत,” झनकलालजींनी विचारलं, “जवळ कोण होतं म्हणून म्हटलं होतंस?”

“एक माणूस होतं.”

“कोण?”

“ते नाही सांगता येत, जी.”

“काहून?”

“त्या माणसानं सांगू नोको म्हणलं होतं.”

आता मात्र लोक उघड हसले. ताराचंद म्हणाला की चांगलं आहे, माणूसही आहे आणि नावही नाही, भूत असेल. झनकलालजींनी सगळ्यांना गप्प केलं, पण त्यांच्या तोंडावरही कंटाळा आला होता. त्यांनी करिश्माला समजावलं की पोरी, तुझ्या मायची पाळी आहे ही, नाव सांगितलं तर वाचेल. त्या माणसाला आम्ही काही खात नाही.

मी करिश्माकडे पाहत होते. तिची नजर खोलीभर फिरत होती, भिंतीवर, कपाटांवर, माणसांच्या पायांवर. उंबऱ्याकडे तेवढी ती जात नव्हती. रेखाने खालून हाक मारली, “करिश्मा, सांग ना बाई.” पण तिने नाव सांगितलं नाही.

ती वळून खुर्चीत बसली आणि कळफलक पुढे ओढला. पडद्यावर चिठ्ठी तशीच उघडी होती. तिने पहिल्या रिकाम्या डब्यावर बाण नेला आणि लिहायला लागली. आमच्याकडे मुलं लिहिताना मोठ्याने म्हणत लिहायची, तसं तिने म्हणत लिहिलं, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. जागा, आमचं घर, चुलीजवळ. यंत्र धरलं, करिश्मा वलथरे. वार, बाजाराचा. मग ती शेवटच्या डब्यावर गेली, ज्यात आजवर एक शर्ट सोडून कोणी काही लिहिलं नव्हतं. ‘काय बदललं.’ तिथे तिने लिहिलं: ‘आजाचा खोकला कापला. पाटी कापली. करिश्मानं कापलं. आजाले लाज वाटे म्हणून.’ आणि त्यापुढे तेरवीची तारीख टाकली, जी तारीख ताराचंदने दोनदा वाचली होती तीच.

एकच डबा उरला. ‘जवळ कोण होतं.’ त्यात तिने लिहिलं: ‘एक माणूस होतं. त्यानं सांगितल्यावर नाव लिहू.’

लिहून झाल्यावर तिने हात मांडीवर ठेवले. हसणाऱ्यांनाही आता हसण्यासारखं काही सापडेना. झनकलालजी पुढे झुकून तो डबा वाचत राहिले, जणू त्यात अजून काही उमटेल.

“लिव.”

आवाज दाराकडून आला. गंगूबाई उठून उभ्या राहत होत्या, एक हात चौकटीला धरून. पदर अजून कपाळाखालीच होता.

“माह्यं नाव लिव, पोरी.”

“माय,” ताराचंद म्हणाला.

“तू चूप राह्य.” मग त्या झनकलालजींकडे तोंड करून बोलल्या, पदराआडूनच. रेखा बाजारात गेली होती. म्हातारा सकाळपासून उपाशी म्हणून त्या पेज घेऊन गेल्या. दारातच ठेवून निघणार होत्या. तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना, ओठ निळे पडले, आणि ही एवढीशी मुलगी यंत्र हातात धरून नुसती उभी होती.

इथे त्या थांबल्या. पुढचं बोलायला त्यांना किती वेळ लागला! आणि तो सगळा वेळ त्यांचा मुलगा त्यांच्याकडे पाहत होता.

“म्या त्याच्या पाठीवर हात ठेवला,” गंगूबाई म्हणाल्या. “भासऱ्याच्या पाठीवर. चोळत बसली. खोकला गेला तवा तो बोलला. शब्द रेखाले देल्ला, माह्यासमोर देल्ला. ताराचंदचं नावही घेतलं त्यानं, ते तुमी ऐकलंच. बाहेर आल्यावर मीच पोट्टीले म्हणलं, मी आली होती हे कोणाले सांगू नोको.” आणि मग, जणू स्वतःशीच, “तिनं नाही सांगितलं.”

कोणी नावं ठेवली नाहीत. गावाने पुढे काय ठेवली असतील ती ठेवली असतील, त्या खोलीत नाही. झनकलालजींनी ताराचंदकडे पाहिलं आणि विचारलं की तुझं काही म्हणणं? ताराचंदने डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात पाहिलं, पुन्हा घातली. मग आईला बसायला जागा करून देण्यासाठी त्याने दारातल्या माणसांना मागे सारलं. ती माणसं हलली तेव्हा दारातून खूप वेळाने उजेड आत आला.

करिश्माने तोवर डब्यातलं वाक्य तसंच ठेवून त्याच्यापुढे लिहिलं होतं: ‘गंगूबाई वलथरे. स्वतः सांगितलं.’

झनकलालजी उठले. त्यांनी टेबलावरचं जाळं उचललं. जाळं जड होतं, खालच्या शिशाच्या गोळ्या एकमेकींवर वाजल्या. रेखा उभी राहिली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खांदा पुढे केला, आणि झनकलालजी जाळं ठेवणार, एवढ्यात करिश्मा म्हणाली, “थांबा जी.”

सगळे थांबले. आता काय, असं झनकलालजींनी भुवयांनी विचारलं.

“पाटी राहिली,” ती म्हणाली.

तिने माझ्या टेबलाच्या खणातून ते लहानसं यंत्र काढलं, बटण दाबलं, लाल दिवा लागलेला नीट पाहिला आणि घसा साफ करून सुरू झाली. जागा, वाचनालय. वार, आजचा. बोलणारे, झनकलालजी. यंत्र धरलं, करिश्मा वलथरे. जवळ, माझी आई रेखा वलथरे. जवळ, आमच्या बाई. जवळ, ताराचंद काका.

तेवढ्यात दाराशी गंगूबाईंना खोकला आला. चांगला लांब, ओला, थांबता थांबेना असा. माणसं करिश्माकडे पाहू लागली, की ती आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल.

तिने यंत्र बंद केलं नाही. ते तसंच हातात धरून ती उभी राहिली, खोकला पूर्ण संपेपर्यंत, आणि मग पुढचं नाव घेतलं.